भौतिकशास्त्राच्या शिक्षकांनी एकमेकांशी बोलावं कुठे?

बारावीच्या प्रयोगशाळेत पोटेन्शिओमीटर मांडलेला असतो. जोडण्या आकृतीबरहुकूम, चावी घातलेली, जॉकी तारेवर टेकवलेला. आणि गॅल्व्हानोमीटरची सुई तारेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एकाच बाजूला झुकत राहते. शून्य बिंदू काही सापडत नाही. मुरलेला शिक्षक अशा वेळी आकृतीकडे बघत बसत नाही. तो आधी मुख्य परिपथातली बॅटरी तपासतो. ती उतरलेली असेल आणि तारेवरचं विभवांतर समोरच्या सेलच्या ईएमएफपेक्षा कमी पडत असेल, तर शून्य बिंदू तारेवर कुठेच मिळणार नाही. मग दोन्हींचे धन ध्रुव तारेच्या एकाच टोकाला आलेत का, ते पाहतो. टर्मिनलचे स्क्रू पिळतो, चावीची पितळी खुंटी सँडपेपरने घासतो. आणि जाता जाता मुलाला बजावतो की जॉकी तारेवरून ओढत नेऊ नकोस, टेकव आणि उचल. ओढून ओढून तार झिजते, तिची जाडी सगळीकडे सारखी राहत नाही आणि पुढच्या बॅचची सगळी वाचनं बिघडतात.

हे त्याला कुणी शिकवलं? बी.एस्सी.ला नाही, बी.एड.ला तर नाहीच. एखाद्या ज्येष्ठ सहकाऱ्याने किंवा प्रयोगशाळा सहायकाने ते कधीतरी उभ्या उभ्या सांगितलेलं असतं. भौतिकशास्त्र शिकवण्याच्या ज्ञानाचा केवढा तरी भाग असा तोंडी चालत आलेला आहे. अशा बोलण्याला जागा कुठे असावी, ती कशी टिकते आणि ती बदलावी लागली तर बरोबर काय काय न्यावं, हा या लेखाचा विषय. गेल्या शंभर वर्षांत यावर बरंच काम झालं आहे. त्यातलं काही अमेरिकेत आणि इंग्लंडमध्ये झालं, तर काही आपल्या शेजारी नर्मदेच्या काठी.

आधी गरज किती खरी आहे ते पाहू. महाराष्ट्रात २०१८ साली आलेलं दहावीचं ‘विज्ञान आणि तंत्रज्ञान भाग १’ उघडलं तर गुरुत्वाकर्षण, मूलद्रव्यांचं आवर्ती वर्गीकरण, विद्युतधारेचे परिणाम, भिंगे, धातुविज्ञान, कार्बनी संयुगे असे धडे एकापाठोपाठ येतात. बहुतेक शाळांत हे सगळं एकच शिक्षक शिकवतो. त्याची पदवी रसायनशास्त्राची असेल, वनस्पतिशास्त्राची असेल. विद्युत मोटारीचा धडा आला की शेजारच्या टेबलावर विचारावं असं कुणी नसतं, कारण शेजारच्या टेबलावर इतिहास असतो. कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्राचे दोघे-तिघे असतात खरे, पण तिथे सीईटी आणि नीटने वेळापत्रक असं गिळलं आहे की बोलायचं ते पोर्शन किती झाला यापुरतंच उरतं.

आणि विचारायचं असतं ते नेमकं काय? शिक्षणशास्त्रज्ञ ली शुलमन यांनी १९८६ साली मांडलं की विषयाचं ज्ञान आणि शिकवण्याचं सर्वसाधारण कौशल्य यांच्याशिवाय शिक्षकाजवळ तिसरंही एक ज्ञान असतं. या विशिष्ट धड्यात मुलं कुठे अडखळतात, कोणतं उदाहरण तिथे कामाला येतं आणि कोणतं उलट घोटाळा वाढवतं, याचं ते ज्ञान. सरळ वर फेकलेल्या चेंडूचं पाहा. हातातून सुटल्यावर त्याच्यावर कोणती बलं आहेत, असं विचारलं की वर्गातली निम्मी मुलं सांगतात की वरच्या दिशेने एक बल आहे, ते हळूहळू संपतं, सर्वोच्च बिंदूला ते गुरुत्वाएवढं होतं आणि मग चेंडू खाली येतो. न्यूटनचे तिन्ही नियम ज्यांना तोंडपाठ आहेत, तीही मुलं हेच सांगतात. त्यांना नियम पुन्हा सांगून काही होत नाही. “वरचं बल नाही, तर मग चेंडू वर जातो कशामुळे?” हा मुलाचा प्रश्न चोख आहे. त्याला कसं सामोरं जायचं, कोणता प्रयोग आधी दाखवायचा, गतीचा आलेख काढून घ्यायचा की गोटी गुळगुळीत काचेवरून घरंगळवायची, हे ज्याने हा धडा दहा वर्षं शिकवला आहे तोच सांगू शकतो. मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रातल्या पानसे, रामदास आणि कुमार यांनी १९९४ साली संदर्भचौकटीविषयी विद्यार्थ्यांच्या कल्पना तपासल्या, तेव्हाही असंच दिसलं. चौकट म्हणजे एखादी प्रत्यक्ष वस्तू आणि त्या वस्तूच्या कडेपाशी ती चौकटही संपते, असं मुलं धरून चालतात. धावत्या गाडीचं उदाहरण देणाऱ्या शिक्षकाला हे माहीत नसेल, तर त्याचं उदाहरण मुलाचा गैरसमज पक्काच करतं.

शिक्षकांनी या बोलण्यासाठी शोधलेली पहिली जागा म्हणजे नियतकालिक. इंग्लंडमध्ये ‘स्कूल सायन्स रिव्ह्यू’ १९१९ साली सुरू झालं. अमेरिकेत १९३०च्या डिसेंबरात भौतिकशास्त्र शिक्षकांची संघटना स्थापन झाली आणि १९३३ पासून तिचं ‘अमेरिकन फिजिक्स टीचर’ निघू लागलं. १९४० साली त्याचं नाव ‘अमेरिकन जर्नल ऑफ फिजिक्स’ झालं. मजकुराचा कल आधीपासून महाविद्यालयाकडे होताच, नावातून ‘टीचर’ही गेला. प्रारंभिक पातळीवर भौतिकशास्त्र शिकवणाऱ्यासाठी ‘द फिजिक्स टीचर’ हे वेगळं नियतकालिक यायला १९६३ उजाडावं लागलं. नियतकालिकाची ताकद ही की लिहिलेलं राहतं. पन्नास वर्षांपूर्वीचा एखादा सोपा प्रयोग आजही कुणाला तिथे सापडतो. त्याची मर्यादा ही की लिहायला वेळ आणि धीर लागतो. ज्याची सुई एका बाजूला झुकून बसली आहे त्याला उत्तर आज हवं असतं, पुढच्या अंकात नाही. आणि बहुतेक शिक्षकांना आपली अडचण ‘लेख’ होण्याच्या लायकीची वाटतच नाही.

दुसरी जागा मोठ्या प्रकल्पांनी दिली. १९५६ साली एमआयटीमध्ये जेरॉल्ड झकारियास यांच्या पुढाकाराने शालेय भौतिकशास्त्राचा अभ्यासक्रम नव्याने बांधायला घेतला गेला. १९६० साली पुस्तक आलं, सोबत चित्रपट, प्रयोगसंच आणि शिक्षकांसाठी उन्हाळी शिबिरं. साहित्य उत्तम होतं. ते चित्रपट आजही पाहण्यासारखे आहेत. पण ज्ञानाचा ओघ एकाच दिशेने होता, भौतिकशास्त्रज्ञाकडून शिक्षकाकडे. इंग्लंडच्या नफिल्ड प्रकल्पाने १९६२ पासून जरा वेगळी वाट धरली. एरिक रॉजर्स यांच्या नेतृत्वाखाली तयार झालेल्या त्याच्या भौतिकशास्त्राच्या पहिल्या आवृत्तीत मुलांसाठी पाठ्यपुस्तकच नव्हतं. होत्या त्या शिक्षकासाठी जाडजूड मार्गदर्शिका, प्रयोगांची पुस्तकं आणि प्रश्नांची पुस्तकं. शिक्षकाला कारागीर मानून त्याच्याशी केलेली ती बातचीत होती. दोन्ही प्रकल्पांतला हा फरक मला फार महत्त्वाचा वाटतो.

मग १९८५ च्या सुमारास चित्र पालटलं. इब्राहिम हॅलून आणि डेव्हिड हेस्टेनेस यांनी महाविद्यालयातल्या मुलांच्या बलाविषयीच्या समजुती चाचणीने मोजल्या आणि १९९२ साली हेस्टेनेस, माल्कम वेल्स आणि स्वॅकहॅमर यांनी ‘फोर्स कन्सेप्ट इन्व्हेंटरी’ ही बहुपर्यायी चाचणी प्रसिद्ध केली. तिच्यात गणित नाही, सूत्र नाही. आहे तो वर फेकलेला चेंडू, ट्रकला ढकलणारी मोटार, विमानातून सुटलेली वस्तू. हार्वर्डच्या एरिक मझूर यांनी आपल्या मुलांना हॅलून-हेस्टेनेस यांची आधीची चाचणी दिली तेव्हा एका विद्यार्थिनीने विचारलं की उत्तर तुम्ही शिकवलंत तसं लिहायचं की मला खरं वाटतं तसं. त्या प्रश्नापासून मझूर यांची शिकवण्याची रीतच बदलली. मुलांना आपसांत वाद घालायला लावणं हे त्यांच्या तासाचं मुख्य काम झालं. रिचर्ड हेक यांनी १९९८ साली ६२ अभ्यासक्रमांतल्या ६,५४२ विद्यार्थ्यांचे निकाल एकत्र केले. मुलाला जितकं सुधारण्याजोगं होतं त्यातला किती हिस्सा खरोखर सुधारला, हे त्यांनी काढलं. नुसत्या व्याख्यानाच्या वर्गांत हे प्रमाण सरासरी ०.२३ निघालं आणि मुलांना विचार करायला, बोलायला लावणाऱ्या वर्गांत ०.४८.

एवढा स्पष्ट पुरावा मिळाल्यावर सगळेच बदलले असतील असं वाटेल. तसं झालं नाही. चार्ल्स हेंडरसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या ७२२ भौतिकशास्त्र प्राध्यापकांची पाहणी करून २०१२ साली निष्कर्ष मांडले. नव्या पद्धती बहुतेकांना ठाऊक होत्या, पुष्कळांनी करूनही पाहिल्या होत्या. पण करून पाहणाऱ्यांपैकी सुमारे एक तृतीयांश लोकांनी त्या पुढे सोडून दिल्या. या सगळ्या साहित्यातली ही माझ्या मते सर्वांत मोलाची नोंद आहे, कारण ती आजार नेमका कुठे आहे ते दाखवते. माहिती पोचवायला भाषण पुरतं, पत्रकही पुरतं. पहिला प्रयत्न फसल्यानंतर, वर्गात गोंधळ माजल्यानंतर, मुख्याध्यापकांनी भुवया उंचावल्यानंतर ‘माझंही असंच झालं होतं, मग मी हे बदललं’ असं सांगणारं कुणी भेटलं नाही की शिक्षक मुकाट्याने खडू हातात घेतो आणि जुन्या वाटेने चालू लागतो.

माल्कम वेल्स हे ॲरिझोनातल्या टेम्पीचे शाळाशिक्षक होते. त्यांचा वर्ग आधीपासून प्रयोगांचा होता, मुलं हाताने काम करत होती. तरी चाचणी घेतल्यावर निकालाने त्यांना हादरवलं: हातांनी काम झालं होतं, पण डोक्यातल्या कल्पना जागच्या जागी होत्या. मग त्यांनी प्रयोगानंतरचं बोलणं बदललं. मुलांच्या प्रत्येक गटाला एक छोटा पांढरा फळा दिला. त्यावर आलेख, आकृती, समीकरण मांडायचं आणि सगळ्यांपुढे त्याचा बचाव करायचा. यातून ‘मॉडेलिंग’ची कार्यशाळा उभी राहिली. ती घेणारे शाळेत शिकवणारे शिक्षक, येणारेही शिक्षक. काही आठवडे ते आधी विद्यार्थी होऊन चुकतात आणि मग त्या चुकांवर शिक्षक म्हणून बोलतात. वेल्स १९९४ साली गेले. पुढे सरकारी निधी आटला, तेव्हा या शिक्षकांनी स्वतःची संघटना काढून कार्यशाळा चालू ठेवल्या. जागा बदलूनही काम का टिकलं, याचं कारण सरळ आहे: काम ज्यांना हवं होतं त्यांच्याच हातात ते होतं.

जपानमध्ये शिक्षकांनी मिळून एक धडा आखायचा, एकाने शिकवायचा, बाकीच्यांनी वर्गात बसून मुलांकडे पाहायचं आणि नंतर सगळ्यांनी चर्चा करायची, अशी जुनी रीत आहे. ती भौतिकशास्त्रापुरती नसल्याने इथे एवढाच उल्लेख पुरे.

आता होशंगाबाद. या गावाचं नाव अलीकडे नर्मदापुरम झालं आहे. पण शिक्षणाच्या इतिहासात ते होशंगाबाद म्हणूनच राहील. १९७२ साली फ्रेंड्स रूरल सेंटर, रसूलिया आणि किशोर भारती या दोन संस्थांनी मध्य प्रदेश सरकारच्या परवानगीने १६ उच्च प्राथमिक शाळांत विज्ञान शिकवण्याचा प्रयोग सुरू केला. किशोर भारतीचे अनिल सद्गोपाल टाटा मूलभूत संशोधन संस्थेतलं काम सोडून तिथे गेले होते. दिल्ली विद्यापीठातले आणि टाटा संस्थेतले वैज्ञानिक त्यांच्या जोडीला आले. १९७८ साली तो कार्यक्रम जिल्ह्यातल्या सगळ्या उच्च प्राथमिक शाळांत गेला आणि १९८२ साली स्थापन झालेल्या एकलव्य संस्थेने पुढे तो सांभाळला. सहावी ते आठवीच्या मुलांनी चार-चारच्या टोळ्या करून प्रयोग करायचे, ‘बाल वैज्ञानिक’ या पुस्तकात उत्तरं आयती द्यायची नाहीत, परीक्षेत पुस्तक उघडं ठेवायचं आणि प्रत्यक्ष प्रयोगही करायला लावायचा, असा तो बेत होता. टेल्कोतून रजा घेऊन १९७८ साली तिथे गेलेल्या अरविंद गुप्तांनी सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे आणि आगकाड्या जोडून आकृत्या बनवल्या त्या इथेच. पुढे पुण्यात आयुकाच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेतून त्यांच्या खेळण्यांचं काम हजारो मराठी शिक्षकांपर्यंत पोचलं.

साहित्याची आणि पुस्तकांची चर्चा पुष्कळ झाली आहे. मला इथे थांबायचं आहे ते मासिक गोष्ठीपाशी. महिन्यातून एकदा आसपासच्या शाळांचे शिक्षक एका ठरलेल्या शाळेत जमत. तिला संगम केंद्र म्हणत. गोष्ठीला येणं हे सरकारी आदेशाने कामाचा भाग मानलेलं होतं, त्यामुळे कुणाच्या मेहेरबानीने यावं लागत नसे. येऊन करायचं काय, तर गेल्या महिन्यात कोणता धडा फसला ते सांगायचं, पुढच्या महिन्याचे प्रयोग स्वतः करून पाहायचे. स्रोत-शिक्षक म्हणून काम पाहणारेही बहुतेक त्यांच्यातलेच. तिथून निघालेली तक्रार वर जाई आणि पुस्तकाच्या पुढच्या आवृत्तीत धडा बदले. मोठ्या शहरातला वैज्ञानिक आणि खेड्यातला गुरुजी एकाच टेबलावर एकच वाचन घेत बसत, आणि वाचन चुकलं तर ते दोघांचंही चुकलेलं असे. त्या शिक्षकांसाठी ‘होशंगाबाद विज्ञान’ नावाचं पत्रकही निघे. मुलांनी आपले प्रश्न सवालीराम नावाच्या कल्पित माणसाला पत्राने विचारावेत, आणि प्रत्येकाला उत्तर जावं, अशीही सोय होती.

मला वाटतं, शिक्षकांच्या बोलण्याला यापेक्षा चांगली जागा भारतात कुणी उभी केलेली नाही. तिच्यात ठरलेली तारीख होती, समोर मांडलेला प्रयोग होता, लेखी नोंद होती आणि बोलण्याने काहीतरी बदलतं हा अनुभव होता. शेवटची गोष्ट नसेल तर पहिल्या तिन्ही असूनही माणसं यायची थांबतात.

२००२ साली राज्य सरकारने हा कार्यक्रम बंद केला. तीस वर्षांची चळवळ एका आदेशाने शाळांबाहेर गेली. मागे राहिलं ते लिहिलेलं आणि माणसं. ‘बाल वैज्ञानिक’ राहिलं, ‘चकमक’ आणि ‘संदर्भ’ ही एकलव्यची नियतकालिकं चालू राहिली आणि त्या ‘संदर्भ’च्या प्रेरणेने पुण्यातून मराठीत ‘शैक्षणिक संदर्भ’ निघालं. गोष्ठी मात्र राहिली नाही. ती सरकारी आदेशावर उभी होती, त्या आदेशाबरोबर गेली. दोष कार्यक्रमाचा होता असं मला अजिबात म्हणायचं नाही. शासनाचा पाठिंबा नसता तर तो एका जिल्ह्यातल्या सगळ्या शाळांत पोचलाच नसता. पण दर महिन्याला होणारं ते बोलणं कुठल्याही कपाटात जपून ठेवता येत नाही, हेही तितकंच खरं.

शासनावर न विसंबलेली वाट इंडियन असोसिएशन ऑफ फिजिक्स टीचर्सने चोखाळली. डी. पी. खंडेलवाल यांच्या पुढाकाराने १९८४ साली कानपूरला स्थापन झालेली ही संघटना सभासदांच्या बळावर चालते. तिचं बुलेटिन निघतं, अधिवेशनं होतात, राष्ट्रीय पातळीवरची भौतिकशास्त्राची परीक्षा ती घेते. आंतरराष्ट्रीय ऑलिंपियाडमध्ये भारत १९९८ पासून उतरतो, त्याच्या निवडीची पहिली पायरी हीच परीक्षा आहे. पुढची शिबिरं होमी भाभा केंद्रात होतात. आयआयटी कानपूरचे एच. सी. वर्मा यांच्या मार्गदर्शनाखाली तिची ‘अन्वेषिका’ केंद्रंही सुरू झाली: शिक्षकाने यावं, प्रयोग हाताळावा, बिघडवावा, दुरुस्त करावा. अडचण एवढीच की या संघटनेचा ओढा महाविद्यालयाकडे आणि हुशार विद्यार्थ्याकडे अधिक. दहावीला विद्युत मोटार शिकवणाऱ्या रसायनशास्त्राच्या पदवीधर बाईंपर्यंत ती क्वचितच पोचते, आणि सगळ्यात जास्त गरज त्यांनाच आहे.

आपल्याकडे केंद्रस्तरावर शिक्षण परिषद होते, महिन्यातून एकदा, केंद्रप्रमुखांच्या देखरेखीखाली. म्हणजे ठरलेली तारीख आहे, जागा आहे, उपस्थितीही लागते. पण ती मुख्यतः प्राथमिक शाळांची, आणि तिचा पुष्कळसा वेळ परिपत्रकं वाचण्यात, माहिती भरून देण्यात जातो. अधिकाऱ्यासमोर ‘मला हा धडा शिकवता येत नाही’ असं कोण म्हणेल? दुसरीकडे शिक्षकांचे व्हॉट्सॲप गट आहेत आणि तिथे धीराने विचारलंही जातं. रात्री दहाला एखाद्या बाईंनी मोटारीच्या कम्युटेटरबद्दल विचारलं तर सव्वादहाला तिघे उत्तर देतात. पण सकाळी शुभेच्छांचे फोटो आणि लिंक भरण्याच्या सूचना यांच्याखाली ते सगळं गाडलं जातं. पुढच्या वर्षी दुसऱ्या कुणाला तोच प्रश्न पडतो तेव्हा पहिल्यापासून सुरुवात. फोन बदलला, गटाचे ॲडमिन निवृत्त झाले, की उरलंसुरलंही जातं.

म्हणून जागा बदलताना, मग ती सरकारी असो, छापील असो की फोनमधली, मी आग्रह धरेन तो प्रश्न जपण्याचा. लोक उत्तरं जपतात. त्यांची टिपणं होतात, त्यांच्या पीडीएफ फिरतात. पण ‘सुई एकाच बाजूला झुकते’ हा प्रश्न कुणी, कुठल्या उपकरणावर, काय काय करून झाल्यावर विचारला, त्यावर पहिलं उत्तर कसं चुकीचं निघालं, मग कुणी बॅटरी बदलायला सांगितली, हा सगळा क्रम नव्या शिक्षकाच्या उपयोगाचा असतो. नुसत्या ‘दक्षता’ पाठ करून त्याला काही मिळत नाही. दुसरा आग्रह उत्तर देणाऱ्यांचा. कुठल्याही शिक्षकसमूहात बोलणारे थोडे आणि ऐकणारे फार असतात. ते थोडे नव्या जागी आले नाहीत, तर जागा कितीही सुबक असली तरी ओस पडते. त्यांना आधी विचारावं, त्यांच्या सोयीने दिवस ठरवावा, आणि जुनी जागा नवी रुळेपर्यंत बंद करू नये.

सुरुवात लहानही चालेल. तालुक्यातल्या आठ-दहा माध्यमिक शाळांच्या विज्ञान शिक्षकांनी दिवाळीनंतरच्या एका शनिवारी दुपारी एका शाळेच्या प्रयोगशाळेत जमावं, केंद्रप्रमुखांशिवाय. ‘विद्युतधारेचे परिणाम’ हा एकच धडा घ्यावा. तांब्याच्या वेटोळ्याची, एका सेलवर फिरणारी मोटार प्रत्येकाने स्वतः बनवावी. वेटोळ्याच्या एका टोकाचं इनॅमल पूर्ण खरवडायचं आणि दुसऱ्याचं अर्धंच का, यावर वाद घालावा. ज्याची मोटार फिरली नाही त्याने ती का फिरली नाही हे एका वहीत स्वतःच्या अक्षरात लिहावं, खाली तारीख आणि शाळेचं नाव घालावं, आणि ती वही पुढच्या महिन्याच्या शाळेकडे सोपवावी.